चिकाचा टिपका

"मालगाडी कधीच उशिरा येत नाही, कारण तिची वाट कोणी पाहत नाही," असं समाधान एकदा म्हणाला होता.

तेव्हा तो बोदवड स्टेशनाच्या तारेच्या कुंपणाला पोट टेकून उभा होता. आत लूप लाईनवर कोळशाची मालगाडी बाजूला काढून ठेवलेली होती आणि तिच्या शेजारून एक एक्सप्रेस धुरळा उडवत निघून गेली. एक्सप्रेसकडे त्याने मान वळवलीही नाही. तो मालगाडीच्या डब्यांवरचे गंजाचे ओघळ पाहत होता, आजारी माणसाची नखं पाहावीत तसे. बोदवड ही त्याची सासुरवाडी. पहिल्या दिवाळसणाला तो ताटावरून उठून असाच स्टेशनावर येऊन उभा राहिला होता आणि घरात बोभाटा झाला की जावई रुसला. सासऱ्यांनी धावतपळत अंगठी आणली. त्याची बायको मोहिनी अजून सांगते, माझ्या माहेरची अंगठी ह्यांना एका मालगाडीने मिळवून दिली.

नाव समाधान आणि माणूस सदा धुमसणारा. यावर गावाने करायचे तेवढे विनोद करून झाले होते. तो म्हणायचा, नाव बापाने ठेवलं, राग मी स्वतः कमावला.

जळगावात रिंग रोडच्या मागच्या एका गल्लीत तो दात बनवतो. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, त्यांवरून कवळ्या आणि कॅपा करून तो परत पाठवतो. खरा दात पांढरा नसतो, इथून त्याचं जगाशी भांडण सुरू होतं. खऱ्या दाताला मुळाशी पिवळी झाक असते, टोकाला राखाडी, आणि पानतंबाखूवाल्याच्या दाताला विहिरीच्या कठड्यासारखा रंग चढलेला असतो. या छटा जुळवण्यात त्याची उमर गेली आणि लोकांना हवा असतो न्हाणीच्या फरशीसारखा शुभ्र दात. एकजण बहिणीच्या लग्नाआधी बापाची कवळी परत घेऊन आला, फोटोत मळकी दिसेल म्हणाला. समाधानने त्याला टाइल्सच्या दुकानाचा पत्ता दिला. त्या दवाखान्याचं काम पुढे बंदच झालं. त्याचं समाधानला काही वाटलं नाही. बापाच्या तोंडात फरशी बसवणारी औलाद जन्माला आली, याचं वाटलं.

लॅबच्या मागच्या खोलीत त्याचं दुसरं काम चालायचं. तिथे फळीवर एक मालगाडी उभी होती, लांबीला खोलीभर. पुढे जुनं डिझेल इंजिन, लांब नाक पुढे केलेलं. मागे चार चाकांचे बंद डबे, सुकलेल्या रक्ताच्या रंगाचे, एकेक डबा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. शेवटी गार्डचा डबा. डब्यांची अंगं कवळीच्या मसाल्याची, चाकांच्या चौकटी कॅपांसाठी धातू ओततात त्याच भट्टीत ओतलेल्या. डबा डब्याला जोडणाऱ्या हूक-साखळ्या पोरींचे वाकडे दात सरळ करायच्या तारेच्या. रूळ आणि इंजिनातली मोटर तेवढी बाहेरून मागवलेली. बाकी प्रत्येक खिळा त्याच्या हातचा.

आणि डबे घाण होते. ती घाण करायला त्याला डबे बनवण्यापेक्षा जास्त वर्षं लागली. छतावर धूर, दरवाजाच्या खाली हमालांच्या पायांची माती, बिजागऱ्यांतून ओघळलेला गंज. सगळं दातांच्या छटांच्या ब्रशने, श्वास रोखून केलेलं. पाहायला येणारा माणूस पहिल्यांदा विचारायचा, चालते का. मग विचारायचा, पॅसेंजर का नाही केली, आत माणसं बसवता आली असती. तिसरा प्रश्न धुळीचा असायचा, जरा पुसून घ्या की. तिसऱ्या प्रश्नाला समाधान दिवा बंद करायचा. अंधारात पाहुण्याला दार आपलं आपण शोधावं लागे.

माझं आणि त्याचं गाव एकच, रावेरच्या लाईनवरचं. आमच्या लहानपणी गावची केळी रेल्वेने दिल्लीला जायची. घड कापून, बैलगाडीने मालधक्क्यावर आणून, केळीच्याच पानांत लपेटून डब्यात रचायचे. समाधानचे वडील लोटननाना त्या रचाईतले उस्ताद. घड कसा टेकवला म्हणजे दिल्लीपर्यंत कुणाला कुणाचा धक्का लागणार नाही, हे ते डब्यात शिरल्या शिरल्या ठरवायचे. डबा भरला की बाकीचे शेतकरी दरवाजावर खडूने आपलं नाव, गाव लिहायचे. नानांना लिहिता येत नव्हतं. ते शेवटच्या घडाचा ताजा कापलेला दांडा घ्यायचे आणि त्याचं तोंड दरवाजाच्या कोपऱ्यात दाबायचे. चिकाचा गोल ओला ठसा उठायचा. आधी दिसायचाही नाही. खांडवा येईतो काळा पडायचा.

केळीचा चीक ज्याच्या अंगावर पडलाय त्यालाच कळेल. कपडा विरतो, फाटतो, पोतेरं होतो, डाग तसाच. केळीवाल्यांच्या घरात बागेत घालायचे कपडे वेगळे ठेवतात आणि त्या कपड्यांत माणसाला कोणी ओसरीवर बसवत नाही. नाना त्या डागाची सही करायचे. खडूवाल्यांना डिवचायचे, तुमचं नाव पहिल्या पावसापर्यंत, माझा टिपका दिल्लीपर्यंत.

एकदा रिकामे डबे लागले तेव्हा त्यांतल्या एकाच्या दरवाजावर तो टिपका होता. कुठकुठल्या मुलखांतून, सिमेंट आणि खत आणि मीठ वाहून, तो डबा आमच्या धक्क्यावर परत आला होता. नानांनी समाधानला काखेत धरून उचललं, त्याचं बोट धरून टिपक्यावर ठेवलं. समाधान तेव्हा शाळेतही जात नव्हता. तो सांगतो, लोखंड तापलेलं होतं, टिपका मात्र गार लागला. असं होणं शक्य नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

त्याच धक्क्यावर त्याने दुसरंही पाहिलं. ऐन उन्हाळ्यात घड कापून ठेवायचे आणि डबे यायचे नाहीत. आज लागतील, उद्या लागतील. केळी धक्क्यावर पिवळी व्हायची, मग काळी, मग माश्यांची. लोक स्टेशनमास्तरला घेरायचे, तो म्हणायचा मागणी टाकलीय. नाना भांडायला जायचे नाहीत. ते घडांवर ओलं पोतं टाकत बसायचे आणि पोतं वाळलं की पुन्हा ओलं करायचे. शेवटी सगळं नाल्यात लोटलं जायचं. मला वाटतं समाधानचा राग त्या नाल्यातून वर आला. नाना कधी ओरडले नाहीत, ती बाकी त्याच्याकडे आली.

पुढे केळी ट्रकने जाऊ लागली. धक्क्याचा रूळ उपटून नेला. नाना गेले.

समाधानच्या गाडीतल्या एका डब्यावर, दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात, तिळाएवढा काळा टिपका होता. तो रंगाचा नव्हता. गावाकडून आणलेल्या केळीच्या दांड्याचा खरा चीक त्याने सुईच्या टोकाने तिथे टेकवला होता आणि तो काळा होईपर्यंत लॅबमध्ये बसून राहिला होता. हे तीन माणसांना माहीत होतं. तो, मी, आणि त्याची आई.

त्याची आई भिकूबाई धुळ्याकडची. केळीच्या मुलखात अख्खा जन्म गेला तरी 'आहे'ला अहिराणी 'शे' म्हणणं तिच्या जिभेवरून गेलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी सुटली, तेव्हा समाधानने तो डबा आणून तिच्या तळहातावर ठेवला. काही सांगितलं नाही. ती डबा उलटासुलटा करत राहिली. मग तिचं नख त्या कोपऱ्यात थांबलं.

"हाऊ तं नानास्ना टिपका शे," ती म्हणाली.

समाधान उठून बाहेर गेला. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हातारीला त्याचं ते बोदवडचं वाक्य सांगितलं, मालगाडीची वाट कोणी पाहत नाही हे. तिने डबा पदरात धरला होता. "कोनी वाट देखत नई कसं? धक्कावर आपन देखूत ना," ती म्हणाली. समाधान दारातच होता. त्यानंतर ते वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

आता हितेंद्रचं सांगायला हवं. हितेंद्र शाळेत आमच्याच बाकावरचा, आता केळी बागायतदारांच्या मंडळाचा अध्यक्ष. मंडळाने जुन्या मालधक्क्याच्या जागेवर सभागृह बांधलं. तो समाधानकडे आला आणि म्हणाला की गावच्या केळीचा इतिहास म्हणून तुझी गाडी तिथे काचेत ठेवायची, गावाचं नाव होईल. समाधान म्हणाला, गावाला नाव आहे. हितेंद्र तीनदा आला. तिसऱ्यांदा त्याने म्हातारीला मध्ये घातलं. म्हातारी म्हणाली, धक्क्यावरची वस्तू धक्क्यावर जाऊ दे, मी बघायला येईन. समाधानने एकच अट घातली. धुवायचं नाही, पुसायचं नाही, हात लावायचा नाही. हितेंद्रने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. गाडी समाधानने स्वतः खोक्यांत भरून नेली, काचेच्या पेटीत रुळांवर एकेक डबा उभा केला, हूक अडकवले, आणि एक फेरी चालवून पाहिली. टिपक्याचा डबा इंजिनापासून चौथा. टिपका काचेकडे, बाहेरच्या अंगाला.

उद्घाटन दसऱ्यानंतर होतं. म्हातारीला आणि समाधानला माझ्या गाडीतून नेलं. मोहिनी घरी थांबली, तिला बहुधा पुढचं दिसत होतं. म्हातारीने नवं नऊवारी लुगडं नेसलं होतं. वाटेत तिने दोनदा विचारलं, काचेतून दिसेल ना. समाधान म्हणाला, चष्मा लाव म्हणजे दिसेल. तो त्या दिवशी चांगल्या मनाने होता. मी त्याला तसं फार थोड्या वेळा पाहिलंय.

सभागृहात खुर्च्या, हार, माईक, टोप्या. भिंतीशी काचेची पेटी, तिच्यावर भगवं कापड. पाहुणे आले, नारळ फुटला, भाषणं झाली. केळीवर सगळे बोलले. मग हितेंद्रने कापड ओढलं.

गाडी चमकत होती. प्रत्येक डबा वेगळ्या रंगाचा, ऑइलपेंटचा, हिरवा, निळा, पोपटी, जांभळा. छतं चंदेरी. आणि प्रत्येक डब्याच्या दरवाजावर पिवळ्या अक्षरांत एकेक नाव. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. चि. तमुक यांच्या वाढदिवसानिमित्त. हे काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरचं होतं, अक्षर तेच, वळण तेच, आणि हाताच्या सवयीने त्याने गार्डच्या डब्याच्या पाठीवर 'शेतकरी राजा' लिहून टाकलं होतं.

आमच्याकडे वस्तूवर नाव पडल्याशिवाय ती दिली असं होत नाही. देवळाच्या पायरीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, स्मशानातल्या बाकावर नाव. पंख्याच्या पात्यांवर नाव, आणि ते वाचता यावं म्हणून भर वैशाखात पंखा बंद करायला लावणारे देणगीदार मी पाहिलेत. मेलेल्या बापाला माणसं अशी पात्यावर चिकटवतात आणि गरगर फिरवतात. या सगळ्या मुलखात बिननावाची एक वस्तू एका चिडक्या माणसाने श्वास रोखून बनवली होती. ती त्यांना सहन झाली नाही.

हितेंद्र माईकवर सांगत होता. पेटीचा खर्च निघावा म्हणून एकेक डबा एकेका कुटुंबाने घेतला. डबे कमी पडले, काहींना अर्ध्या डब्यावर, मागच्या दरवाजावर भागवावं लागलं. आणि डबे फार मळलेले होते, समाधानभाऊंना वेळ मिळाला नसेल, म्हणून दसऱ्याला जशी आपण गाडी धुतो तसे शिकेकाईच्या पाण्याने धुऊन घेतले, काही डाग निघेनात म्हणून वरून रंग दिला. लोक हसले. समाधानच्या कामाला टाळ्या पडल्या.

मी समाधानकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याचा राग मी पन्नास प्रकारचा पाहिला आहे, त्यांतला हा एकही नव्हता. तो पेटीपाशी गेला. हितेंद्र माईक सोडून त्याच्या खांद्यावर हात टाकायला आला, आणि मी मागे होतो म्हणून मला ऐकू आलं, तो कानात काय म्हणाला ते.

"नानांचं नाव फुकटात टाकलंय बरं का. कुणाला सांगू नको, बाकीचे भांडतील."

चौथा डबा. पोपटी. कै. लोटन धोंडू महाजन यांच्या स्मरणार्थ. नाव लांब होतं म्हणून पेंटरने दरवाजा पुरा वापरला होता, खालच्या कोपऱ्यापर्यंत. 'स्मरणार्थ' मधला थ नेमका त्या कोपऱ्यावर बसला होता.

ज्या माणसाला उभ्या आयुष्यात आपलं नाव लिहिता आलं नाही, त्याची एकुलती एक सही त्याच्याच नावाखाली गाडली गेली होती. आणि हे प्रेमाने केलेलं होतं. हितेंद्रच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. शिव्या द्यायलाही समोर शत्रू लागतो, तोसुद्धा या लोकांनी ठेवला नव्हता.

तेवढ्यात कोणीतरी भिकूबाईला हात धरून पुढे आणलं. हितेंद्रने तिला पेटीशी नेलं, काचेचं झाकण वर केलं, पोपटी डब्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, आजी, हे बघा नानांचं नाव. म्हातारीने हात जोडले. सगळे थांबले, फोटोवाला गुडघ्यावर बसला. तिने चष्मा नाकावर वर सारला आणि खाली वाकली. तिला अक्षर येत नाही. ती पिवळ्या रेघांवरून नख फिरवत फिरवत कोपऱ्यात गेली आणि तिथे थांबली. मग शेजारचा डबा पाहिला, मग त्याच्या पुढचा. पुन्हा पोपटीवर आली. फोटोवाला म्हणाला, आजी, वर बघा. तिने वर पाहिलं नाही.

"टिपका कोठे शे?"

कोणाला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, या वेळी हितेंद्रकडे बघून, दुकानात चुकीचं माप मिळालं तर विचारावं तशा साध्या आवाजात. "नानास्ना टिपका कोठे शे, भाऊ? हाऊ आपला डबा नई."

हितेंद्र हसला. म्हातारीशी तिच्याच बोलीत बोलावं म्हणून त्याने शब्द शोधला. "आजी, तो डाग होता ना, जात नव्हता. आता बठ्ठं नवं केलं. नाव आलं, आता टिपक्याचं काय काम?"

पाहुण्यांना घाई होती. कोणीतरी आठवण केली की बटण दाबून गाडी चालवायची आहे, पाहुण्यांच्या हस्ते. माईकवर समाधानचं नाव पुकारलं गेलं, त्यांनी दोन शब्द बोलावेत. बटणाला हार घातलेला होता. पाहुण्यांनी बोट पुढे केलं आणि समाधानची वाट पाहत थांबले.

समाधान पेटीवर वाकला. इंजिनावर मंडळाच्या संस्थापकांचं नाव होतं, गडद लाल रंगात. पहिल्या डब्याचा हूक त्याने अंगठ्याच्या नखाने उचलला. दात सरळ करायची ती तार नखाखाली एकदा कणकण वाजली आणि सुटली. त्याने इंजिन रुळांवरून उचललं, शर्टाच्या पुढच्या खिशात घातलं. खिसा खाली ओढला गेला. डब्यांना त्याने हात लावला नाही, पोपटीलाही नाही. रंगीत डबे एकामागे एक होते तिथेच उभे राहिले, धक्क्यावर उभे राहायचे तसे.

हितेंद्र म्हणाला, अरे, काय झालं. पाहुण्यांचं बोट अजून बटणावर होतं. दाबलं गेलं असावं, कारण रुळांतून बारीक गुणगुण आली आणि काहीच हललं नाही.

समाधानने आईकडे पाहिलं. तिने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला होता. त्याने तिचा पदर खांद्यावर नीट केला. तिचा हात माझ्या हातात दिला. मग तो खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, माईकच्या वायरवरून पाय उचलून, एका हाताने खिसा सावरत बाहेर निघून गेला.